डिस्क नव्या संगणकात, विंडोज तीच

मदरबोर्ड गेला किंवा संगणकच थकला, पण आतली डिस्क मात्र ठणठणीत आहे, अशी वेळ अनेकांवर येते. त्या डिस्कवर विंडोज असते, कित्येक वर्षांत एकेक करून बसवलेली सॉफ्टवेअर असतात, प्रिंटर-स्कॅनरची जुळवाजुळव असते. ती डिस्क तशीच उचलून दुसऱ्या संगणकात लावली, तर चालेल का?

बहुतेक वेळा चालते. विंडोज एक्सपीच्या काळात मदरबोर्ड बदलला की निळा पडदा जवळजवळ ठरलेला असे. विंडोज १० आणि ११ मात्र नेहमीच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) सोबत घेऊनच येतात आणि नव्या यंत्रात गेल्यावर स्वतःला बऱ्यापैकी जुळवून घेतात.

तरीही हे काम अनेकांचं फसतं. आपल्याला वाटतं की सगळं डिस्कवर आहे. पण चार गोष्टी डिस्कवर नसतात, जुन्या मदरबोर्डात असतात: विंडोज कुठून सुरू करायची याची नोंद, डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली, आपण रोज टाकतो त्या पिनचा आधार, आणि पुष्कळदा विंडोजचं लायसन्सही. डिस्क काढली की या चारही मागे राहतात. म्हणून या कामाचा मोठा भाग स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी, जुना संगणक चालू असतानाच उरकायचा असतो.

आधी ठरवा: हे करायचं का?

घरचा संगणक असेल, त्यावर ब्राउझर, ऑफिस आणि फोटो एवढंच असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. नव्या संगणकावर नवी विंडोज ठेवा आणि फक्त फाइली आणा. त्यात अर्धा दिवस जाईल, पण जुना गाळ सोबत येणार नाही.

डिस्क हलवण्यात खरा अर्थ असतो तो दुकानात, हिशेबनिसाच्या कार्यालयात, डीटीपीच्या कामात. श्री-लिपीचे फाँट, कोरल ड्रॉची जुनी आवृत्ती, पेजमेकरमधली पुस्तकं, टॅलीचा डेटा, कुणीतरी खास लिहून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर, ज्याची सीडी आता सापडत नाही आणि लिहिणाराही सापडत नाही. असं सगळं नव्यानं उभं करणं अवघड असतं. तिथे पूर्ण विंडोजच उचलून नेणं शहाणपणाचं.

काही ठिकाणी मात्र हा मार्ग बंदच आहे. नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल, तर इंटेल किंवा एएमडीच्या संगणकावरची विंडोज त्यावर सुरू होणार नाही. दोन्ही प्रोसेसरांना कळणाऱ्या सूचना मुळातच वेगळ्या. इंटेलवरून एएमडीवर किंवा उलट जायला मात्र हरकत नाही. आणि डिस्कवर विंडोज ११ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर ती फार जुन्या प्रोसेसरच्या संगणकात नेऊ नका, तिथे ती उठतच नाही.

विंडोज १०ला मिळणारं नेहमीचं संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. त्यामुळे डिस्कवर १० असेल तर नव्या संगणकात गेल्यावर ११ घ्यावीशी वाटेल. घ्या, पण त्याच दिवशी नको. आधी डिस्क नव्या जागी स्थिरावू द्या. दोन मोठे बदल एकत्र केले आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे शोधता येत नाही.

डिस्क बसेल का

जुनी डिस्क अडीच इंची साटा प्रकारची असेल, म्हणजे चपट्या डबीसारखी, दोन वेगवेगळ्या वायरी लागणारी, तर ती बहुतेक डेस्कटॉपमध्ये सहज लागते. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये तिला जागाच नसते.

एम.२ प्रकारची डिस्क म्हणजे साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी उघडी पट्टी. इथे गोंधळ होतो, कारण सारख्याच दिसणाऱ्या पट्ट्यांमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. पट्टीच्या टोकावरच्या खाचांवरून अंदाज येतो, पण तो प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. डिस्कवरचं लेबल वाचा आणि मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत तो स्लॉट कोणता प्रकार घेतो ते पाहा. पट्टी खाचेत बसली म्हणजे ती चालेलच असं नाही.

प्रकार जुळत नसेल तर दुसरा रस्ता आहे: जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) नव्या डिस्कवर उतरवायची आणि ती नवी डिस्क लावायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही तशाच लागू होतात.

जुन्या संगणकावरची कामं

पहिलं काम, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्रत झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. टॅलीचा डेटा असेल तर त्याचा बॅकअप टॅलीतूनच घ्या.

दुसरं काम एन्क्रिप्शनचं. एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवणं. विंडोज प्रोमध्ये याला बिटलॉकर म्हणतात. होम आवृत्तीत तेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावानं असतं. आपण ते कधी चालू केलेलं आठवत नसेल, तरीही पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं. विंडोज ११मध्ये सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ते सापडेल, विंडोज १०मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त.

ही किल्ली साधारणपणे टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. ही चिप मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आतच असते आणि आपलं ओळखीचं यंत्र दिसलं तरच डिस्क उघडू देते. डिस्क दुसऱ्या संगणकात गेली की तिथली चिप तिला ओळखत नाही. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असू शकते, कुणी छापून फाइलमध्ये लावलेली असू शकते, कार्यालयाच्या यंत्रणेकडे असू शकते. पण ती कुठेच नसेल आणि जुना संगणकही चालत नसेल, तर तो डेटा गेला. कुणीही तंत्रज्ञ तो उघडून देऊ शकत नाही, आणि पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून मी दोन्ही करायला सांगेन. रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, आणि नंतर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा. बंद करण्याचं बटण दाबलं की काम संपलं असं नाही. डिस्क उलगडायला कित्येक तास लागू शकतात. ते शंभर टक्के झाल्याचं पाहूनच पुढे जा. संगणक रात्रभर चालू ठेवायची तयारी असू द्या.

तिसरं काम पिन आणि पासवर्ड. आपण रोज टाकतो तो चार किंवा सहा आकडी पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो, कारण त्याचाही आधार टीपीएम चिपच. नव्या संगणकात तो चालत नाही. बोटाचा ठसा आणि चेहराही चालत नाही. तिथे खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, आणि तो पुष्कळांना आठवत नाही. नव्या यंत्रात वायफाय अजून सुरू झालेलं नसतं, त्यामुळे विसरलेला पासवर्ड लगेच बदलूनही घेता येत नाही. विंडोज व्यवस्थित उठली, पण दारातच अडली, असा हा प्रसंग फार वेळा होतो.

तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘साइन-इन ऑप्शन्स’ उघडा. फक्त विंडोज हॅलोनंच (म्हणजे पिन, ठसा किंवा चेहऱ्यानंच) प्रवेश द्यायचा असा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. मग साइन आउट करून एकदा पासवर्ड टाकून आत या. त्याशिवाय एक स्थानिक खातं (मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं, फक्त या संगणकापुरतं) तयार करा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या आणि त्याचा पासवर्ड लिहून ठेवा. सगळं सुरळीत झाल्यावर ते काढून टाकता येतं.

लायसन्सचं काय होतं

ब्रँडेड संगणकासोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स ओईएम प्रकारचं असतं, म्हणजे ते त्या यंत्राला बांधलेलं. ते डिस्कसोबत येत नाही. पेटीतून किंवा मायक्रोसॉफ्टकडून वेगळी विकत घेतलेली रिटेल विंडोज मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येते, अर्थात एका वेळी एकाच. अशी विंडोज असेल तर हलवण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करा आणि ‘अ‍ॅक्टिव्हेशन’च्या पानावर डिजिटल लायसन्स खात्याशी जोडल्याचं लिहिलेलं दिसतंय का पाहा. नव्या यंत्रात गेल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असा पर्याय मिळतो, तो वापरायचा.

नवा संगणक स्वतःची विंडोज घेऊन आला असेल तर काम आणखी सोपं. विंडोज ८च्या काळापासून ब्रँडेड संगणकांची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच (यंत्र चालू होताना सर्वांत आधी जागं होणारं, बोर्डवरच कोरलेलं सॉफ्टवेअर) असते. डिस्क बदलण्याआधी तो संगणक त्याच्या मूळ विंडोजसह एकदा सुरू करा, इंटरनेटला जोडा आणि ती अ‍ॅक्टिव्हेट झाल्याची खात्री करा. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत ते यंत्र येतं आणि आपली डिस्क लावल्यावर विंडोज बहुधा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

‘बहुधा’ म्हणायचं कारण आवृत्ती. डिस्कवर प्रो आहे आणि नव्या लॅपटॉपचं लायसन्स होमचं आहे, तर ते जुळत नाही. त्यामुळे काही बंद पडत नाही: पडद्याच्या कोपऱ्यात पुसट अक्षरं येतात, पार्श्वभूमी बदलता येत नाही, पण फाइली आणि सॉफ्टवेअर चालू राहतात. घाईघाईनं कुठून तरी दोन-तीनशे रुपयांची की घेऊ नका. त्यातल्या पुष्कळशा संस्थांसाठी दिलेल्या सामायिक की असतात आणि त्या कधीही बंद होऊ शकतात.

इतर सॉफ्टवेअरची लायसन्सही पाहा. टॅलीचं लायसन्स संगणकाशी बांधलेलं असतं; जुन्या यंत्रावर ते ‘सरेंडर’ करायचं आणि नव्यावर पुन्हा चालू करायचं. अडोबीसारख्या खात्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून साइन आउट व्हा. यूएसबीचं हार्डवेअर लॉक असेल, तर लॉक काढून नव्या यंत्रात लावलं की झालं. पण फार जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागणारं असतं, आणि नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नसतो. बाजारात मिळणारे यूएसबी-पॅरलल जोड प्रिंटरपुरते असतात, त्यावर लॉक सहसा चालत नाही. असं असेल तर हलवण्याचा बेत इथेच थांबवा आणि आधी सॉफ्टवेअरवाल्यांशी बोला.

सुरू होण्याची पद्धत

जुने संगणक बायोस पद्धतीनं सुरू होत, नवे यूईएफआय पद्धतीनं. बायोस डिस्कच्या अगदी सुरुवातीचा छोटा तुकडा वाचून पुढे जातं. त्या डिस्कच्या मांडणीला एमबीआर म्हणतात. यूईएफआय मात्र डिस्कवर एक छोटं वेगळं विभाजन शोधतं आणि त्यातली विंडोजची बूट फाइल चालवतं. ही मांडणी जीपीटी. अनेक नव्या संगणकांतून बायोसची जुनी पद्धत काढूनच टाकलेली आहे. तिथे एमबीआर डिस्क लावली की ‘बूट करता येईल असं काही सापडलं नाही’ एवढाच निरोप मिळतो, आणि डिस्क खराब झाली असं वाटून माणूस घाबरतो.

आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे स्टार्ट मेनूतून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीसमोर पाहा. यूईएफआय असेल तर पुढे चला. ‘लेगसी’ असेल तर मांडणी बदलावी लागेल. त्यासाठी विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन विंडोजमध्येच दिलेलं आहे. ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. आधी ते फक्त तपासणीच्या पर्यायानं चालवायचं, आणि तपासणी उत्तीर्ण झाली तरच बदल करायचा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाजनं असतील तर ते नकार देतं.

हा बदल सगळ्यात शेवटी करा. कारण त्यानंतर जुना संगणक यूईएफआय जाणत नसेल तर तो त्या डिस्कवरून पुन्हा सुरू होणार नाही, आणि मागे फिरायचा रस्ता बंद होतो. त्याआधी क्लोनझिलासारख्या फुकट साधनानं पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही प्रत कपाटात राहील.

निळा पडदा येतो तो इथे

फसण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्टोरेज कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामधला दुवा. विंडोज उठताना सगळे ड्रायव्हर एकदम उघडत नाही. डिस्क वाचायला लागतो तेवढाच ड्रायव्हर ती आधी उघडते, बाकीचे नंतर. आता नव्या यंत्रातला दुवा वेगळ्या प्रकारचा असेल आणि त्याचा ड्रायव्हर त्या पहिल्या यादीत नसेल, तर विंडोज ज्या डिस्कवरून उठतेय तीच तिला दिसेनाशी होते. मग ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेला निळा पडदा येतो. डिस्कमध्ये काही बिघडलेलं नसतं, डेटा सुखरूप असतो.

या दुव्याचे नेहमीचे प्रकार म्हणजे एएचसीआय, रेड आणि एनव्हीएमई. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून व्हीएमडी नावाची आणखी एक तऱ्हा आली आणि अनेक लॅपटॉपमध्ये ती कारखान्यातूनच चालू असते. जुन्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. नव्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. मात्र त्या लॅपटॉपची मूळ विंडोज दुसऱ्या डिस्कवर आतच ठेवणार असाल तर लक्षात घ्या, ती व्हीएमडी चालू असतानाच बसवलेली असल्यानं बंद केल्यावर तीच उठणार नाही. पर्याय नसेल तर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर जुन्या संगणकावर असतानाच विंडोजमध्ये घालून ठेवावा लागतो.

एक सोपी आणि फार उपयोगी युक्ती आहे, सेफ मोडची. सेफ मोड म्हणजे अगदी मोजक्या सामानावर विंडोज सुरू करणं. या पद्धतीनं उठताना विंडोज डिस्कच्या दुव्याचे सोबत असलेले ड्रायव्हर नव्यानं आजमावते. जुन्या संगणकावर ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडा, ‘बूट’ या भागात ‘सेफ बूट’वर खूण करा आणि संगणक बंद करा. नव्या यंत्रात ती सेफ मोडमध्ये उठेल. आत गेल्यावर खूण काढायची आणि पुन्हा सुरू करायची. साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर प्रत उतरवली असेल तेव्हा तर हे आवर्जून करा. सेफ मोडमध्ये पासवर्डच हाताशी लागतो. मघाशी स्थानिक खातं तयार ठेवायला सांगितलं ते यासाठीही.

निघण्याआधीची आवराआवर

जुन्या मदरबोर्डची खास सॉफ्टवेअर काढून टाका: पंख्याचा वेग बदलणारी, दिवे लावणारी, प्रोसेसर जोरात पळवणारी. नव्या यंत्रात ती नसलेलं हार्डवेअर शोधत बसतात आणि कधी कधी विंडोजच अडकवतात.

नव्या संगणकाच्या नेटवर्कचे, म्हणजे लॅन आणि वायफायचे, ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. इंटरनेट असेल तर बाकीचे ड्रायव्हर विंडोज स्वतः आणते. पण इंटरनेट चालू करणारा ड्रायव्हरच नसेल तर ती तरी काय करणार? पेन ड्राइव्ह विसरलाच तर अँड्रॉइड फोन वायरीनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुधा लगेच चालतं.

शेवटी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणानं काय व्हावं हे ठरवण्याच्या पानावर, तो मिळतो. तो चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच जागी होते. ती स्थिती जुन्या हार्डवेअरची असते. शंका असेल तर शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे संगणक पूर्ण बंद होतो.

सिसप्रेप नावाच्या साधनाबद्दल आपण ऐकलं असेल. विंडोजची सगळी हार्डवेअर-ओळख पुसून ती नव्यासारखी करणारं हे साधन, एकाच प्रतीवरून अनेक संगणक तयार करणाऱ्यांसाठी आहे. दुकानातल्या एका संगणकासाठी त्याची गरज नाही, आणि स्टोअरमधल्या अ‍ॅपमुळे ते मध्येच अडकण्याची शक्यताही बरीच.

प्रत्यक्ष हलवणं

संगणकाची वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरीची जोडणी आधी सोडवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मगच डिस्कला.

एम.२ पट्टी थोडी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, मग हळूच खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रूखाली छोटा पितळी खुंट असतो. तो नसेल तर पट्टी वाकते. जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी उलटं आहे.

पहिल्यांदा नव्या संगणकात फक्त हीच डिस्क ठेवा. मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब प्रत एकाच वेळी जोडू नका. दोघींची ओळख एकच असल्यानं विंडोज एकीला बंद करून ठेवते, किंवा आपण एकीवर काम करतोय असं समजून दुसरीवरच करत राहतो.

पहिल्यांदा सुरू करताना

चालू करताच डिलीट, एफ२ किंवा कंपनीनं सांगितलेली कळ दाबून फर्मवेअरमध्ये जा. तारीख-वेळ बरोबर आहे का आणि डिस्क यादीत दिसते का ते पाहा. बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या जागी आणा. ते नाव दिसत नसेल, तर तीच मागे राहिलेली नोंद. पण फर्मवेअर बहुतेकदा डिस्कवरच्या ठरावीक जागी ठेवलेली पर्यायी बूट फाइल स्वतः शोधतं, तेव्हा नुसतं डिस्कचं नाव निवडूनही पाहा. सिक्युअर बूट चालू असलं तरी विंडोजला अडचण नाही.

आता ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ असं दिसेल. टक्के वाढतील, थांबतील, पडदा काळा होईल, संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल, कदाचित दोनदा. अक्षरं मोठी आणि फिसकटलेली दिसतील. हे सगळं ठीक आहे. अर्धा तास तरी बटणाला हात लावू नका. चालू संगणक मध्येच बंद केल्यानं बिघडलेली उदाहरणं फार आहेत.

बूट करण्यासारखं काही नाही असा निरोप आला, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि दुरुस्तीच्या पर्यायांतलं ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. तेवढ्यानं भागलं नाही, तर तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमधून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा बूट फाइली नव्यानं लिहून देते. या टप्प्यावर ‘इन्स्टॉल’चं बटण चुकूनही दाबू नका. निळा पडदा आला तर कंट्रोलरचा प्रकार बदलून पाहा. लागोपाठ सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचे पर्याय दाखवते, त्यात सेफ मोडही असतो. रिकव्हरी की मागितली, तर कागद काढा.

आत शिरल्यावर

आधी इंटरनेट, मग विंडोज अपडेट, आणि त्यातले ऐच्छिक ड्रायव्हरही. ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली नाही ना ते पाहा. तिथेच लपलेली उपकरणं दाखवण्याचा पर्याय दिला तर जुन्या यंत्राच्या नोंदी फिकट अक्षरांत दिसतील. त्या सगळ्या पुसत बसायची गरज नसते.

एक अपवाद दुकानांसाठी महत्त्वाचा. हा संगणक इतरांना डेटा पुरवत असेल आणि त्याला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल, तर तो पत्ता जुन्या लॅन कार्डाच्या नावावर राहिलेला असतो. नवं कार्ड ‘इथरनेट २’ अशा नावानं नवा पत्ता घेतं, आणि बाकीच्या संगणकांना टॅलीचा डेटा सापडत नाही. नव्या कार्डाला जुना पत्ता द्यायला गेलं की तो दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे अशी सूचना येते. अशा वेळी त्या फिकट जुन्या कार्डाची नोंद काढायची आणि मग पत्ता द्यायचा.

यानंतर अ‍ॅक्टिव्हेशन पाहा, नवा पिन तयार करा, टॅलीचं लायसन्स चालू करा, प्रिंटरवर एक पान छापून पाहा. सगळं जमल्यावर एन्क्रिप्शन पुन्हा सुरू करा. त्याची रिकव्हरी की नवी असेल. जुना कागद फाडून नवा ठेवा.

जुना संगणक आधीच बंद पडला असेल तर

मग आधीची तयारी करता येत नाही, पण मार्ग बंद होत नाही. पहिल्यांदा रिकव्हरी की मिळते का ते मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहा. यूएसबी एनक्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याची पेटी) डिस्क घालून चालू संगणकाला जोडा, लागल्यास की देऊन उघडा आणि फाइली उतरवून घ्या. त्या हातात आल्यावरच डिस्क नव्या यंत्रात लावून पाहा. सेफ मोड दुरुस्तीच्या पर्यायांतूनही देता येतो. टॅलीसारख्या लायसन्ससाठी त्यांच्या मदत केंद्राशी बोलावं लागेल.

कपाटातल्या प्रतीला निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी विवरणपत्र होईपर्यंत हात लावू नका. वर्षातून एकदाच लागणारं एखादं सॉफ्टवेअर असेल, तर तेही उघडून पाहा. मगच ती डिस्क पुसून रोजच्या बॅकअपला घ्या.